तीन महिन्यांची साखर

३ मार्च, मंगळवार

निवृत्त होऊन महिना झाला. आज पहिल्यांदा हाताला काम मिळालं. ह्यांना मधुमेह निघाला.

असं लिहिणं निर्दयपणाचं वाटेल, पण वही माझी आहे. वजनमाप खात्यात सगळी नोकरी गेली. दुकानात शिरायचं, आपली शिक्क्याची वजनं त्यांच्या काट्यावर ठेवायची, आणि काटा हलला की दुकानदाराच्या तोंडाकडे बघायचं. ते गेल्यापासून मी घरातल्या डब्यांवर लेबलं लावत बसले होते. परवाच हे म्हणाले, "इन्स्पेक्टरसाहेब, जरा बाहेर फिरून या. नाहीतर उद्या माझ्या चपला तोलाल."

आमच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान आहेत, पण बोलतात मोजकं. उपाशीपोटीची साखर थोडीशीच जास्त होती. ती बघून ह्यांचा चेहरा खुलला. तेवढ्यात बाईंनी दुसरा कागद पुढे केला. तीन महिन्यांची साखर १०.१. ती सातच्या आत हवी.

"उपाशीपोटीची साखर एका सकाळची असते," त्या म्हणाल्या. "आदल्या दिवशी पथ्य केलं की ती शहाण्यासारखी वागते. ही दुसरी तपासणी वेगळी. साखर रक्तातल्या लाल पेशींत चिकटते आणि पेशी मरेपर्यंत सुटत नाही. त्यामुळे मागच्या दोन-तीन महिन्यांत काय चाललं होतं ते सगळं कळतं. हिला फसवता येत नाही."

मला तर ती तपासणी फार आवडली. अशी एखादी आमच्या खात्यात असती तर निम्म्या बाजारानं शटर ओढलं असतं.

घरी येताना हे म्हणाले, "अगं, पण मी तर दोन वर्षं चहासुद्धा बिनसाखरेचा पितो."

मी म्हटलं, "घरी पिता."

हे ड्रायव्हिंग स्कूल चालवतात. एक छोटी गाडी, शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक, आणि दिवसभर शेजारी कुणीतरी घाबरलेलं माणूस. सकाळी सातला बाहेर पडतात ते दुपारी जेवायला येतात, पुन्हा जातात ते दिवेलागणीला परत. एवढ्या वेळात कोण कुठे काय खातं, कुणी पाहिलंय?

मी पाहणार आहे. हा आकडा सातच्या आत आणल्याशिवाय मी स्वस्थ बसायची नाही.

५ मार्च, गुरुवार

घराची झडती घेतली. साखर, मध, जॅम, सगळं पिशवीत भरून शेजारी देऊन टाकलं. पुस्तकांच्या कपाटात मागच्या बाजूला क्रीमच्या बिस्किटांचा पुडा सापडला. पुरावा हाती लागला म्हणून नाचणार होते, तेवढ्यात आठवलं की तो मीच ठेवला होता. जप्त केला आणि संध्याकाळी चहाबरोबर खाल्ला.

जेवणात भात अर्धी वाटी. हे काही बोलले नाहीत. आयुष्यात कधी ताटाला नावं ठेवली नाहीत ह्या माणसानं, हा गुण मान्य केलाच पाहिजे.

१९ मार्च, गुरुवार

डॉक्टरीणबाईंनी दिलेली सकाळची गोळी आणि पथ्य, दोन्ही कामाला लागलंय. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. चेहरा जरा ओढल्यासारखा दिसतो, पण या वयात तेवढं चालायचंच.

आणि आज मांजर पकडलं. मांजर डोळे मिटून दूध पितं, पण शर्ट धुवायला टाकताना खिसा रिकामा करायला विसरतं. खिशातून लिंबाच्या गोळ्यांचे चार कागद निघाले.

"हे काय?"

"गोळ्यांचे कागद."

"ते मलाही दिसतंय. खाल्ल्या कुणी?"

"मीच. अकराच्या सुमाराला हात थरथरायला लागतात गं. घाम फुटतो. एक गोळी चघळली की बरं वाटतं."

"गोड खाल्लं की कुणालाही बरंच वाटतं!"

 चोर तो चोर, वर शिरजोर म्हणतात, पण हे शिरजोरही होत नाहीत, त्यामुळे भांडणालाही रंग चढत नाही. कागद मी एका पाकिटात घालून ठेवले.

६ एप्रिल, सोमवार

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर पाकीट उलटं केलं. तोवर बारा कागद जमले होते. बाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं. "काका, खाता का या?"

"खातो," हे म्हणाले. बास. थरथर नाही, घाम नाही, काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी तिथे होतेच.

बाईंनी औषधाच्या गोळीचा डोस वाढवला. सकाळी एक होती, आता सकाळ-संध्याकाळ.

परत येताना ह्यांनी सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाले, "ते कागद तू जपून ठेवले होतेस?"

"पुरावा जपूनच ठेवायचा असतो."

मला वाटलं हसतील. हसले नाहीत. सिग्नल सुटला तरी क्षणभर गाडी तशीच उभी, मागचे हॉर्न वाजवायला लागले. लोकांना गाडी शिकवणारा माणूस!

२१ एप्रिल, मंगळवार

आज सकाळी चहा घेताना ह्यांनी एक विलक्षण प्रश्न विचारला. "माणूस झोपेत उठून खाऊ शकतो का गं? आणि सकाळी त्याला आठवतच नाही, असं होतं का?"

"का?"

"नाही, म्हणजे मी गोळ्या सोडून खरंच काही खात नाही. आणि आकडा तर एवढा. मग कुठेतरी खात असणारच ना? तू असं कर, झोपायच्या आधी स्वयंपाकघराला कुलूप लाव. किल्ली तुझ्याकडे ठेव."

नोकरीत मी असली नाटकं खूप पाहिली. एका तेलवाल्यानं तर माझ्यासमोर स्वतःच्या श्रीमुखात मारून घेतली होती, आणि त्याच्या मापाचा तळ दुहेरी निघाला होता. मी ह्यांना म्हटलं, "लावते कुलूप." आणि लावलं.

मात्र दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. ह्यांना नाटक येत नाही. लग्नात फोटोसाठी हसता येईना म्हणून फोटोग्राफर वैतागला होता.

१४ मे, गुरुवार

गाडीला ओरखडा. दुसऱ्या कुणी नाही, ह्यांनीच खांबाला घासली.

ह्यांना घरी आणून सोडलं त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्या बँकेतल्या बाईंनी. बाईंना अजून लायसन्स नाही, तरी गाडी चालवत त्यांनीच आणली. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "सर एकदम गप्प झाले. मग भलतंच बोलायला लागले. मला म्हणाले, तिसरा गिअर डब्यात ठेवा. मी त्यांना माझ्या बाटलीतलं सरबत दिलं, मग जरा माणसात आले."

"सरबत दिलंत?" मी विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण त्या दोन पायऱ्या खाली उतरल्या.

साखर वाढली की माणसाला असं भ्रमिष्टासारखं होतं, हे मी कुठेतरी वाचलंय. उद्यापासून भात पूर्ण बंद. सूप, भाजी, काकडी. पालथ्या घड्यावर पाणी म्हणून सोडून देणाऱ्यांतली मी नाही. हा माणूस मला हवाय, अजून वीस वर्षं तरी हवाय, आणि त्यासाठी तो मला शिव्या देणार असेल तर खुशाल देऊ दे.

देत मात्र नाही.

९ जून, मंगळवार

तीन महिन्यांची साखर ९.९.

मी तो कागद तीनदा वाचला. घरात साखरेचा कण नाही, माणूस सुकून काठी झाला, गोळ्या दुप्पट झाल्या, आणि आकडा जागचा हललासुद्धा नाही! डॉक्टरीणबाईही वैतागल्या. म्हणाल्या, "काका, आता इन्सुलिन सुरू करावं लागेल. पुढच्या आठवड्याच्या शेवटी या, टोचायचं कसं ते शिकवते."

हे मान खाली घालून म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं."

मला इतका संताप आला की दवाखान्याच्या पायऱ्यांवरच मी म्हटलं, "मी मेल्यावर खा हवं ते. तोपर्यंत निदान खरं तरी बोला!" रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघायला लागली. ह्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि चालू लागले.

रागाच्या भरातच औषधांच्या दुकानात शिरले आणि बोट टोचून साखर बघायचं यंत्र घेतलं. पुढच्या आठवड्यापर्यंत वेळ आहे. दिवसातून आठ-दहा वेळा टोचीन, पण कधी, कुठे आणि काय खातात ते शोधून काढीन. मग इन्सुलिनची वेळच येणार नाही.

११ जून, गुरुवार

यंत्र बिघडलेलं दिसतंय.

काल उठल्यावर ९२. जेवणानंतर दोन तासांनी १३१. संध्याकाळी ७०. आज तसंच. डॉक्टरीणबाईंनी कागदावर मांडून दाखवलं होतं की १० च्या आसपास आकडा म्हणजे सरासरी साखर २४० च्या घरात. इथे १५० सुद्धा दिसायला तयार नाही.

हे बोट पुढे करतात, टोचून घेतात, आकडा विचारतही नाहीत. शाळेतल्या मुलानं छडीसाठी हात पुढे करावा तसा हात करतात. मला ते बघवत नाही आणि मी ते सांगतही नाही.

१२ जून, शुक्रवार

यंत्राची तपासणी केली. दुसऱ्याच्या काट्यावर बोट ठेवण्याआधी आपली वजनं तपासून घ्यायची, हा आमचा पहिला धडा. दुकानदाराकडून यंत्र तपासायचं पाणी आणलं. त्यात साखर किती ते बाटलीवरच छापलेलं असतं. थेंब टाकला, आकडा बरोबर. मग स्वतःला टोचून घेतलं. दोन बिस्किटं खाऊन पुन्हा टोचलं. आकडा चढला. यंत्र खरं आहे.

म्हणजे मी टोचते त्या वेळा सोडून हे खातात. पण जेवणाआधी, जेवणानंतर, झोपताना, उठताना, सगळीकडे आकडे गुणी. मग राहिला फक्त गाडीतला वेळ.

१६ जून, मंगळवार

आज गाडीत मागच्या सीटवर बसले.

ह्यांनी शिकणाऱ्यांना माझी ओळख करून दिली, "ह्या निरीक्षक आहेत." परीक्षा घ्यायला सरकारी बाई आल्या असं समजून पहिल्या माणसानं चौकात तीनदा गाडी बंद पाडली. दुसऱ्यानं मला विचारलं, "मॅडम, नापास तर नाही ना करणार?" मी म्हटलं, "तुम्हाला नाही."

हे शिकवतात फार छान. इतक्या वर्षांत मी एकदाही पाहिलं नव्हतं. आवाज चढत नाही. समोरून ट्रक येत असतानाही "सावकाश, घाई नाही, क्लच दाबा, असं, शाबास," म्हणतात. माणूस चुकला तर आधी विचारतात, "काय झालं? मला सांगा." मग तो सांगतो आणि हे ऐकून घेतात.

दिवसभरात पाणी आणि मी दिलेली काकडी सोडून काही खाल्लं नाही. दर दीड-दोन तासांनी टोचलं. एकदाही १४० च्या वर नाही.

हे खात नाहीत.

असं लिहिल्यावर हात थांबला. खात नाहीत, तर तो आकडा येतो कुठून?

१७ जून, बुधवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

अकराच्या सुमाराला बँकेतल्या बाई गाडी चालवत होत्या. हे त्यांना "डावीकडे घ्या" म्हणाले आणि हात उजवीकडे केला. बाईंनी विचारलं, "सर, नक्की कुठे?" उत्तर नाही. मी मागून पाहिलं तर ह्यांची कॉलर घामानं भिजली होती. समोर उताराचा रस्ता, खाली शाळेचं फाटक. हे ब्रेककडे बघत होते, पण पाय हलत नव्हता. बाईंनी स्वतःच ब्रेक मारला, गाडी कडेला घेतली आणि हँडब्रेक ओढला. ह्यांनीच शिकवलेलं असल्यामुळे सगळं अगदी व्यवस्थित केलं.

मी ह्यांचं बोट धरलं. थंडगार. यंत्रावर ४६.

मला एवढंच कळलं की साखर हवी. घरातून शेवटचा कण मी स्वतः बाहेर काढलाय आणि खिशातल्या लिंबाच्या गोळ्याही मीच बंद केल्यात. कोपऱ्यावर किराण्याचं दुकान होतं, तिकडे धावले. दुकानदारानं मला बघितलं आणि तो उभाच राहिला. "बाई, काटा नवीन आहे! शिक्का गेल्याच महिन्यात मारलाय!"

"काटा राहू द्या! साखर द्या!"

"किती?"

"मूठभर! न मोजता द्या!"

त्यानं पुडीत साखर दिली, पाण्याची बाटली दिली आणि स्वतः माझ्यामागे गाडीपर्यंत आला. मी पाण्यात साखर कालवून ह्यांच्या ओठांशी धरली. निम्मी शर्टावर सांडली. ह्यांचा हात सारखा थरथरत होता. "हात थरथरायला लागतात गं," असं मार्चमध्ये सांगितलं होतं ह्यांनी मला. मी त्यावर विनोद केला होता.

थोड्या वेळानं डोळे जागेवर आले. माझ्याकडे बघितलं, हातातल्या पुडीकडे बघितलं, आणि पहिलं वाक्य काय म्हणाले? "मी खाल्लं का काही? खरंच आठवत नाही गं."

मी रस्त्यावर बसून रडले. दुकानदार बिचारा, "बाई, पैसे नकोत," म्हणत राहिला.

संध्याकाळ, तोच दिवस

रडून झालं. आता विचार.

माझं वजन, म्हणजे घरचं यंत्र, खरं आहे, मी तपासलंय. माणूस खरा आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. तरी काटा चुकीचं दाखवतो. नोकरीत असं झालं असतं तर मी पाच मिनिटांत काट्याखाली हात घातला असता. इथे साडेतीन महिने काट्याला हात लावला नाही, कारण तो दवाखान्याचा होता आणि समोर नवरा होता. दुकानदाराला मी निदान बाजू मांडायला वेळ देत असे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरीच झाली नव्हती.

औषधाच्या संध्याकाळच्या गोळीपुढे मी आज हात आडवा धरला. उद्या दवाखाना उघडायच्या आधी दारात उभी राहणार.

१८ जून, गुरुवार

या वेळी डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर गोळ्यांचे कागद नव्हते, यंत्राचे आकडे होते. मी सगळं सांगितलं. खांब, शाळेचं फाटक, ४६. माझं वाक्यही सांगितलं, गोड खाल्लं की कुणालाही बरंच वाटतं, हे.

बाईंनी आकडे वरपासून खालपर्यंत वाचले. मग खुर्ची ह्यांच्याजवळ ओढली. "काका, थरथर कधीपासून होते?"

"गोळी सुरू झाल्यापासून."

"मला का नाही सांगितलंत?"

हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही विचारलं, लिंबाच्या गोळ्या खाता का. ते खरं होतं."

बाईंनी हातातला कागद खाली ठेवला. "माझं चुकलं," म्हणाल्या. "मी कागदाला विचारलं, तुम्हाला विचारलंच नाही. ही जोराची गोळी साखर फार खाली ओढते, ती आजपासून बंद. भात खायचा, नीट जेवायचं. आणि ही तपासणी जिथे होते तिथल्या डॉक्टरांशी मी बोलते. काही लोकांचं रक्तच असं असतं की त्यांच्यात हा आकडा चुकतो. ते मी आधीच बघायला हवं होतं."

मी म्हटलं, "म्हणजे तुमची तपासणी फसते?"

"फसते," त्या म्हणाल्या. "मी उगाच छातीठोक सांगितलं होतं."

माझा सगळा राग तिथे ओतायचा बेत होता. पण आपलं माप चुकलं हे एका दमात कबूल करणारं माणूस मी सगळ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. त्यात मीही आले.

२२ जून, सोमवार

प्रयोगशाळेचे डॉक्टर टकले, हसरे आणि स्वतःच्या यंत्रावर प्रेम करणारे निघाले. काचेपलीकडे कपाटाएवढं यंत्र गुरगुरत होतं. त्यांनी ह्यांच्या रक्ताचा आलेख पडद्यावर दाखवला. एका रेषेवर लहानमोठे उंचवटे.

"रक्ताचा लाल रंग ज्याच्यामुळे येतो ते हिमोग्लोबिन. त्याला साखर चिकटते. आमचं यंत्र हिमोग्लोबिन वेगवेगळं करतं आणि त्यातल्या साखर चिकटलेल्याचा वाटा मोजतं. साखरवालं या जागी येतं." त्यांनी एका उंचवट्यावर बोट ठेवलं. "पण काकांचं काही हिमोग्लोबिन जन्मापासूनच जरा निराळ्या घडणीचं आहे. तो आजार नाही, त्यानं त्यांना आयुष्यात कधी त्रास झाला नसेल. फक्त ते या यंत्रात नेमकं साखरवाल्याच्या जागेला येऊन चिकटतं. आणि यंत्र सगळंच साखर म्हणून मोजतं."

"म्हणजे काटा खरा आहे," मी म्हटलं, "पण ताटात काय ठेवलंय ते त्याला कळत नाही."

"अगदी! दुसऱ्या पद्धतीच्या यंत्रावर हाच आकडा वेगळा येईल. काही जणांच्यात उलटही होतं. साखर भरपूर असते आणि आकडा गोजिरवाणा येतो, ते तर आणखी वाईट. हा उंचवटा जरा जास्तच रुंद आहे, हे आमच्याही लक्षात यायला हवं होतं. आकडा छापला आणि पुढे गेलो."

त्यांनी दुसरी तपासणी सांगितली. ती हिमोग्लोबिनकडे जातच नाही, रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर बघते, आणि मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देते. शिवाय नक्की कोणतं हिमोग्लोबिन आहे ते कळण्यासाठी वेगळी बाटली भरून घेतली.

निघताना त्यांनी ह्यांना विचारलं, "हे आईवडिलांकडून येतं. भावंडं आहेत का?"

"थोरली बहीण आहे," हे म्हणाले. मग थांबले. "तिला मधुमेह आहे. इन्सुलिन घेते. तिचा आकडाही कधी उतरत नाही."

डॉक्टरांचं हसू गेलं. "त्यांनाही तपासून घ्या. असेलच असं नाही, पण तपासा."

३० जून, मंगळवार

नवीन तपासण्या आल्या. मधुमेह आहे, पण सौम्य. साखर ताब्यात आहे. ताब्यात होतीच. निराळं हिमोग्लोबिन आहे, त्याचं नाव डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्या कागदांवर वर लाल शाईनं लिहून दिलं. एक साधी गोळी, रोजचं चालणं, घरचं यंत्र आणि वेळेवर जेवण. तीन महिन्यांची ती तपासणी या यंत्रावर पुन्हा करायची नाही.

गेले बारा दिवस हे भात खातात. गालांवर जरा मांस दिसतंय. कालपासून पुन्हा गाडीवर जातात. मी मागच्या सीटवर बसत नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर मी विचारलं. इतके दिवस धीर झाला नव्हता. "तुम्ही भांडलात का नाही माझ्याशी? एकदा तरी ताट आपटायचं. एकदा तरी म्हणायचं, मी खात नाही, तू मूर्ख आहेस."

हे हात पुसत होते. म्हणाले, "तुझं माप कधी चुकलेलं मी पाहिलं नाही. मग म्हटलं, तू म्हणतेस तर मी खातच असेन."

जन्मभर मला ज्या मापाचा अभिमान होता, तेच माप ह्यांनी मला असं परत दिलं. मी म्हटलं, "चुकले मी. फार चुकले." ह्यांनी मान हलवली. "असू दे" म्हणाले नाहीत, आणि ते बरं केलं.

मग ह्यांनी फोन घेतला आणि बहिणीला लावला. वन्सं आमच्या भाच्याकडे, म्हणजे त्यांच्या मुलाकडे राहतात. तिकडे फ्रिजला कुलूप आहे, हे मला माहीत आहे. गेल्या वर्षी त्या न्हाणीघरात पडल्या तेव्हा, गुपचूप काहीतरी खाल्लं असणार, असं सगळे म्हणाले होते. मीही म्हणाले होते.

मला वाटलं हे हिमोग्लोबिनचं सांगतील, आलेखाचं सांगतील. ह्यांनी तसलं काही सांगितलं नाही. शिकणाऱ्याशी बोलतात तशा आवाजात म्हणाले, "ताई, तुला थरथरतं का गं कधी? घाम फुटतो? ... नाही, कुणी तक्रार केली नाही तुझी. ... नाही, मी रागवायला फोन नाही केला. तू सांग. तू म्हणशील ते मी खरं धरणार आहे."

 पलीकडून खूप मोठ्यानं रडण्याचा आवाज आला, इतका की खोलीच्या या टोकाला मला ऐकू आला. हे फोन कानाशी धरून बसून राहिले. मध्येच एकदा म्हणाले, "हो. हो ताई. मला माहीत आहे. माझ्यावरही कुणी विश्वास ठेवला नव्हता." माझ्याकडे न बघता म्हणाले. पण माझ्यासमोर म्हणाले.

उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं आम्ही दोघं तिकडे निघतोय. साखर बघायचं यंत्र, त्याच्या पट्ट्या आणि डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी पिशवीत घातली आहे. भाचा ऐकणार नाही, हे मला ठाऊक आहे. ऐकेपर्यंत मी त्याच्या दारातून उठणार नाही.